एका शिळाछाप पोथीमागे चौदा महिने

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेचा माझा प्रकल्प सप्टेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात एकदाचा पास झाला. विषय होता एक पोथी. एकच. ती कधी छापली, कशी छापली, तिची पानं किती, एवढंच सांगायचं होतं आणि त्याला चौदा महिने लागले. मी सुरुवात केली तेव्हा जुन्या छापील पुस्तकांबद्दल मराठीत वाचायला पुष्कळ होतं, पण "कोणता कागद घेऊन कोणत्या टेबलाकडे जायचं" हे सांगणारं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी संशोधक नाही. नारायण पेठेत सोळा वर्षं डीटीपी करते, दिवसभर पानं लावते. पुस्तक कसं तयार होतं ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

जुलै २०२३ मध्ये विषय कळवायचा होता. मी 'मराठी मुद्रणाचा इतिहास : १८०५ ते १९००' असं मथळ्यात लिहून चार पानी आराखडा नेला. मार्गदर्शक म्हणून मिळालेले सर निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी चारही पानं सावकाश वाचली आणि विचारलं, "रजा किती असते तुम्हाला?"

"वर्षाला बारा, सर."

"बारा दिवसांत पंच्याण्णव वर्षं? एक पुस्तक घ्या. त्यात जेवढं शतक मावेल तेवढं पुरे."

त्या चार पानांत मी काय काय कोंबलं होतं! गोव्यात १५५६ साली उतरलेला छापखाना. तिथल्याच रायतूरला १६१६ मध्ये छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, ज्यात ओव्या मराठी आणि अक्षरं रोमन. बंगालमधल्या सेरामपूरला १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेलं मिशनरी विल्यम केरीसाहेबांचं मराठी व्याकरण आणि त्यांना भाषा शिकवणारे वैजनाथ शर्मा. त्याच साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली गीता. मग मुंबईतला अमेरिकन मिशनचा छापखाना, तिथून काम शिकून बाहेर पडलेले गणपत कृष्णाजी, त्यांचं १८३१ सालचं शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं पंचांग, आणि शेवटी १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेला निर्णयसागर छापखाना. सरांनी यातलं अर्धं पान ठेवलं आणि बाकीच्यावर पेन्सिलीने एक लांब रेघ ओढली. तेव्हा राग आला होता.

पुस्तक कोणतं घ्यायचं? 'दोलामुद्रितं', म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं; मराठीत साधारण १८६७पर्यंतची त्यात धरतात. ती बहुतेक ठिकाणी कुलुपात असतात, आणि ते योग्यच आहे. सरांचा सल्ला असा की, त्या सीमेच्या जरा अलीकडचं घ्या. त्याला कुलूप कमी आणि कागदपत्रं जास्त. कारण १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा आला, तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद व्हायला लागली. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि आठ महिने विसरले.

पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या कार्डांमध्ये मला हे कार्ड मिळालं : 'शिवलीलामृत, पोथी, सुटी पत्रे, छापील, १८६९'. (पत्रं म्हणजे पोथीची न शिवलेली पानं.) १८६९! निर्णयसागरचं साल. माझं मन लगेच तिकडे धावलं. या धावण्याने पुढे माझे चार महिने खाल्ले.

परवानगीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण नवखे लोक इथेच परत फिरतात. अर्ज, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, अभ्यासकेंद्राचं शिफारसपत्र (लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह), आणि दोन हजार रुपये परत मिळण्याजोगी अनामत. २९ ऑगस्टला अर्ज दिला, २१ सप्टेंबरला उत्तर आलं : नामंजूर. कारण विचारायला गेले तर समोरच्या बाईंनी माझाच अर्ज पुढे सरकवला. त्यात मी 'वाचनासाठी' लिहिलं होतं. "मॅडम, शिवलीलामृत वाचायला जुनी पोथी कशाला? कुठेही मिळतं की." बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या अर्जात 'कागद, छपाई व पत्रसंख्या यांच्या तपासणीसाठी' असं लिहिलं, दाखल क्रमांकासकट (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदीचा क्रमांक). नऊ दिवसांत मंजुरी. तेव्हा अर्जात 'वाचन' हा शब्द टाळा, आणि पुस्तकाचं नाव देऊन थांबू नका, दाखल क्रमांक टाका. अनामतीच्या पावतीचा त्याच दिवशी फोटोही काढून ठेवा.

९ ऑक्टोबरला पहिल्यांदा पोथी समोर आली. पेन बाहेर, पर्स बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. आत फक्त पेन्सिल आणि वही. शिपाईकाकांनी लाल कापडात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला, गाठ सोडली आणि म्हणाले, "आरामात. पण बोटाला थुंकी नाही लावायची." आडवी, सुटी पत्रं, वर-खाली लाकडी फळ्या. कडेला दुहेरी चौकट. डाव्या समासात वर 'शि. ली.' आणि पत्राचा आकडा, उजव्या समासात खाली 'राम' आणि पुन्हा तोच आकडा. अकराव्या अध्यायाची पत्रं बाकीच्यांपेक्षा काळवंडलेली, कोपरे गोल झालेले. आमच्याकडे आजीही सोमवारी अकरावाच अध्याय वाचायची, तेव्हा हे बघून मला गलबलून आलं आणि मी काय केलं असेल? वाचायला बसले. संध्याकाळी पाच वाजता काका गठ्ठा बांधायला आले तेव्हा वहीत तीन ओळी होत्या.

सरांना फोन केला. "पानं किती?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"मोजलीत?"

"शेवटच्या पत्रावर चौऱ्याण्णव आकडा आहे ना."

"मी आकडा नाही विचारला. पानं किती?"

दुसऱ्या खेपेला मोजली. एकेक पत्र उलटून, वहीत उभी रेघ मारून, समासातला आकडा शेजारी लिहून. या कामाला पावणेतीन तास लागले आणि हाती काय आलं बघा : ६१ हा आकडा दोन पत्रांवर होता. दोन्हींवरचा मजकूर वेगळा, एकापुढे एक लागणारा. आणि ७८ आकड्याचं पत्र नव्हतंच. एक जास्त, एक कमी. एकूण बरोबर चौऱ्याण्णव. ७८ हरवलं असेल म्हणावं, तर ७७च्या पाठीवर शेवटची ओवी अर्धी तुटलेली आणि उरलेली अर्धी ७९च्या सुरुवातीला. म्हणजे काही हरवलेलं नाही, आकडा घालणाराच चुकला. दीडशे वर्षांपूर्वी कोणाची तरी डुलकी मी पकडली होती. त्या दिवशी बसमध्ये उभ्याने घरी आले ते कळलंही नाही.

त्यानंतर कागद. जलचिन्ह शोधायचं म्हणून एक अख्खी दुपार खिडकीशी घालवली. विलायती कागदावर, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, पुष्कळदा कारखान्याचं नाव आणि साल पाण्यासारखं उमटलेलं दिसतं. ते साल दिसलं की छपाई त्याच्या आधीची नाही हे नक्की. हाताने केलेल्या कागदात साच्याच्या जाळीच्या बारीक रेषा दिसतात, आणि आपला जुन्नरचा किंवा दौलताबादचा कागद खळ लावून घोटलेला असल्यामुळे हाताला गुळगुळीत लागतो. माझ्या पोथीत यातलं काही नाही. रेषा नाहीत, चिन्ह नाही, घोटाई नाही. साधा यंत्राचा कागद, कडांना तपकिरी पडलेला. 'काही नाही' हेही लिहायचं असतं, हे मला तिथे कळलं. मी आधी तो रकाना कोराच सोडला होता.

नोव्हेंबरमध्ये पहिला प्रगती अहवाल दिला. त्यात काय लिहिलं ते कबूल करते. कार्डावर 'छापील' होतं, अक्षर विलक्षण एकसारखं होतं, त्यामुळे पोथी खिळ्यांनी छापली आहे हे मी धरूनच चालले. साल १८६९. छापखान्याचं नाव असलेला शेवटच्या पत्राचा कोपरा कसरीने खाल्लेला, फक्त 'मुंबईत' एवढं शिल्लक. या तीन गोष्टींवरून मी 'हा टाइप निर्णयसागरच्या आरंभीच्या टाइपांपैकी असण्याची शक्यता आहे' असं वाक्य ठोकून दिलं आणि वर दोन पानं जावजी दादाजींवर लिहिली. लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासणाऱ्या मुलाने पुढे देशभर नाव काढलेला छापखाना उभारला, ही गोष्ट आहेच तशी, लिहिताना हात थांबत नाही. सरांनी समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?'

त्याचं उत्तर ग्रंथालयात सापडलं नाही. डिसेंबरमध्ये माझ्या ऑफिसच्या मालकांनी एका जुन्या छापखान्याचा पत्ता दिला. आता तिथे ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाईयंत्रावर, फक्त पावतीपुस्तकांना नंबर मारतात आणि छिद्रं पाडतात, पण मागच्या खोलीत टाइपाच्या केसी, म्हणजे खिळे ठेवायचे कप्प्यांचे खण, अजून आहेत आणि खिळे जुळवणारे पंचाहत्तरीचे एक कंपोझिटर काका आठवड्यातून दोनदा येऊन बसतात. मी म्हटलं, मला 'शिवलीलामृत' हा शब्द जुळवून बघायचा आहे. ते हसले. "कॉम्प्युटरवाल्या ना तुम्ही? बसा."

काकांनी स्टिक (खिळे ओळीने जुळवायची पट्टी) डाव्या हातात कशी धरायची, अंगठा आत कसा ठेवायचा ते दाखवलं. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते; खाच वर आली की खिळा सरळ. अक्षर बघायचं नाही, खाच बघायची. केसीत कप्पे किती! इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरांची लहान-मोठी रूपं, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यावर भागतं. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या उंचीच्या मात्रा, सगळं मिळून शेकडो कप्पे. मी 'शि'ची वेलांटी 'श'च्या नंतर लावली. कीबोर्डवर आधी 'श' दाबायचा आणि मग वेलांटी, ही सोळा वर्षांची सवय. काकांनी न बोलता चिमट्याने ती उचलली आणि आधी ठेवली. सहा अक्षरांचा शब्द, मला पंचवीस मिनिटं लागली. मग त्यांनी तो दोऱ्याने आवळला, गॅलीवर, म्हणजे लांबट थाळीवर, ठेवून रुळाने शाई लावली आणि हातानेच प्रूफ काढलं.

ते प्रूफ अजून माझ्या वहीत चिकटवलेलं आहे. कागद उलटा केला की पाठीवर अक्षरांचा उठाव बोटाला लागतो. आणि वरून बघितलं की शिरोरेषा तुटक दिसते. प्रत्येक खिळ्याची शिरोरेषा त्या खिळ्यापुरती. दोन खिळे कितीही घट्ट बसवले तरी मध्ये केसाएवढी फट राहते. मी काकांना विचारलं, ही फट घालवता येत नाही का? "नव्या टाइपात कमी दिसते. टाइप झिजला की दात पडल्यासारखं. तुमच्या पोथीत दिसते का फट?"

मला आठवेना. तीन महिने मी ती पोथी बघत होते आणि शिरोरेषा अखंड आहे की तुटक, हे मला सांगता येईना.

काकांनी पैसे घेतले नाहीत, दोन चहा घेतले. तिथून सरळ रविवार पेठेत गेले आणि सोनार वापरतात तसं दहापट भिंग साडेतीनशे रुपयांना आणलं. चौदा महिन्यांत मी केलेला सगळ्यात कामाचा खर्च हाच.

४ जानेवारी २०२४. भिंग लावून पहिलं पत्र. शिरोरेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये कुठे फट नाही. पाठीवर उठाव नाही, कागद सपाट. मग एकाच पत्रावरचे दहा 'श्री' शोधून शेजारी-शेजारी वहीत काढले. दहाचे दहा वेगळे. एकाचं शेपूट लांब, एकाचं आखूड, एक ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडल्यामुळे अंग चोरून बसलेला. खिळ्याचा 'श्री' असं अंग चोरत नाही. चौकटीच्या कोपऱ्यांत उभी रेघ आडवीच्या पुढे जरा निसटलेली, पट्टी धरून ओढल्यावर आपली निसटते तशी. ही पोथी कोणीतरी हाताने लिहिली होती आणि दगडावरून छापली होती. शिळाछाप. निर्णयसागरच्या टाइपावरची माझी दोन पानं तिथल्या तिथे बाद झाली.

खरं सांगते, रडू आलं. अहवाल पुन्हा लिहायचा, म्हणजे सुधारित आराखडा, त्यावर पुन्हा सरांची सही, केंद्रप्रमुखांची सही, आणि विषयाच्या उपशीर्षकात बदल म्हणून तीनशे रुपये शुल्क. शुल्काचं चलन फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी निघायचं. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "छान. आता काम सुरू झालं."

शिळाछपाई प्रत्यक्ष बघायला मिळावी म्हणून खटपट केली. ओळखीतून एका चित्रकाराच्या स्टुडिओत शिरकाव झाला. टेबलाएवढा चुनखडीचा गुळगुळीत दगड. असे दगड पूर्वी जर्मनीतल्या बव्हेरियातून यायचे. तत्त्व साधं आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. तेलकट शाईने दगडावर लिहायचं, डिंक आणि थोडं आम्ल लावून बाकीचा दगड पाणी धरणारा करायचा, ओल्या फडक्याने पुसायचं आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त लिहिलेल्यावर बसते, ओल्या जागेवर धरत नाही. दगडावर थेट लिहायचं तर उलटं लिहावं लागतं. म्हणून पोथ्यांसारख्या कामात तेलकट शाईने एका खास कागदावर सरळ लिहून घ्यायचे आणि तो कागद दगडावर दाबून मजकूर उतरवायचे. म्हणजे छापखान्याला शेकडो कप्प्यांचा टाइप लागत नाही. चांगलं अक्षर असलेला एक लेखनिक आणि एक दगड पुरे. शिवाय पोथी हस्तलिखितासारखीच दिसते. छापील कागदाला शिवायला बिचकणारी भटमंडळी अजूनही आहेत, असं गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये नोंदवलं आहे. अशा गिऱ्हाइकापुढे ओळखीच्या रूपातली पोथी ठेवणं हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच म्हणायचं. खिळे मुंबईत मिळत असतानाही दगड इतकी वर्षं का टिकला, हे मला त्या स्टुडिओत कळलं. पुस्तकात वाचून ते नुसतं पाठ झालं असतं.

परत गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी आधी डोळ्यासमोर असून दिसली नव्हती. १२ क्रमांकाच्या पत्राच्या खालच्या कडेला, अगदी काठावर, शाईची एक बारीक रेघ होती. चौकटीची नव्हे, चौकट तर अर्धा इंच वर. ती शेजारच्या पत्राची वरची चौकट होती. कापणाऱ्याची सुरी थोडी खाली घसरली आणि शेजाऱ्याच्या चौकटीची कड या पत्राबरोबर आली. म्हणजे मोठ्या तावावर बरीच पत्रं एकत्र छापून मग कापली. १३व्या पत्राची वरची चौकट बघितली : उजव्या बाजूला दोन बोटं लांबीपर्यंत बाहेरची रेघ गायब. १२ची रेघ तेवढीच. फुटपट्टीने मोजली, चार वेळा.

एवढं झाल्यावर साल उरलं. शेवटच्या पत्रावर मजकूर संपल्यावर छपाईची मिती होती : शके १७९१, शुक्लनाम संवत्सर, माघ. इथे एक इशारा. शिवलीलामृताच्या शेवटीच शके १६४० असंही येतं. ती श्रीधरस्वामींनी बारामतीला ग्रंथ संपवल्याची मिती आहे, छपाईची नव्हे. नवखा माणूस दोहोंत गल्लत करू शकतो. मी ती केली नाही. मी दुसरी केली.

एप्रिलमध्ये नोंदणीचे तिमाही तक्ते बघायला मुंबईला गेले. १८६७च्या कायद्याने नोंदवहीत काय काय मागितलं होतं ते वाचून मी थक्क झाले : नाव, भाषा, लेखक, विषय, छापल्याची आणि प्रकाशनाची जागा, छापणाऱ्याचं नाव, बाहेर पडल्याची तारीख, पानं किंवा पत्रं, आकार, आवृत्ती, प्रती किती, किंमत काय, आणि एक रकाना असा की पुस्तक छापील आहे की शिळाछाप! जे कळायला मला जानेवारी उजाडला, ते सरकारने रकान्यात विचारून ठेवलं होतं. गंमत म्हणजे, मी हे तक्ते चाळत होते त्याच्या महिनाभर आधी, १ मार्च २०२४ला, तो कायदा जाऊन नवा लागू झाला होता. नव्यात नियतकालिकं आहेत, पुस्तकं नाहीत.

१८६९चे चारही तिमाही तक्ते बघितले. शिवलीलामृत होतं, पण माझं नव्हतं, पत्रसंख्या जुळेना. सकाळची डेक्कन क्वीन, संध्याकाळी परत, चहा-जेवण धरून सहाशे रुपये आणि एक रजा. आठवड्याने पुन्हा गेले, पुन्हा तेच चार तक्ते, या वेळी ओळ न् ओळ. नाही. ग्रंथसंग्रहाचं कार्ड १८६९ म्हणतं, मी हिशोब केला तोही १८६९. शकात ७८ मिळवायचे हे शाळेत शिकलोय ना आपण.

मे महिन्यात, अंगणवाडीच्या पत्रिकेचं काम चालू असताना, मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये बघून विचारलं, "आई, गुढीपाडव्याला शक बदलतो ना? मग जानेवारीत आधीचाच असणार." माझा हात माउसवर तसाच राहिला. शक चैत्रात सुरू होतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८; जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ! शके १७९१चा माघ म्हणजे फेब्रुवारी १८७०. कार्ड लिहिणाऱ्याने आणि मी, दोघांनीही डोळे मिटून ७८ मिळवले होते. (त्याच हिशोबाने श्रीधरस्वामींनी फाल्गुनी पौर्णिमेला संपवलेल्या ग्रंथाचं साल १७१९ येतं. पुष्कळ ठिकाणी १७१८ छापलेलं दिसेल. मी आता लोकांना ऐकवत असते.) संवत्सराचं नावही पडताळून घ्यावं : शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी ३ आली तर तिसरं नाव, शुक्ल. माझ्या पोथीचं जुळलं. मितीतला एखादा आकडा पुसट असेल तर हा ताळा फार उपयोगी पडतो.

तिसरी फेरी, १८७०ची पहिली तिमाही. सव्वाअकराला सापडलं. शिवलीलामृत, मराठी, मुंबई, फेब्रुवारी, पत्रं ९४, शिळाछाप, प्रती १०००. छापणाऱ्याचं नावही होतं. निर्णयसागर नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याच्याबद्दल दुसरीकडे कुठे ओळभरही मजकूर मला मिळाला नाही. मी ९४ या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. १८७० साली कोणीतरी ती पत्रं मोजली असतील, की शेवटचा आकडा बघून लिहिला असेल?

पुढचं भराभर सांगते. छायाचित्रांची परवानगी वेगळी : वेगळा अर्ज, प्रत्येक छायाचित्राला वीस रुपये, फ्लॅश नाही, फोन नाही, कॅमेरा चालेल. मी अकरा घेतली. ६१ची दोन्ही पत्रं, ७७ची पाठ, ७९, १२ आणि १३च्या कडा, बाकी नमुन्याची. प्रकल्पाच्या तीन प्रती ऑगस्टमध्ये दिल्या. आतल्या प्रमाणपत्रावर आधी मार्गदर्शकांची सही आणि मग केंद्रप्रमुखांची, हा क्रम उलटा झाला म्हणून एक प्रत परत आली. बांधणी एका प्रतीची दोनशे ऐंशी रुपये. फेऱ्या, शुल्कं, बांधणी, भिंग सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत भागलं, अनामत सोडून. रजा तेरा झाल्या, तेरावी बिनपगारी.

तोंडी परीक्षा बारा मिनिटांची. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी बाकी काही विचारलं नाही, एकच प्रश्न : "७८वं पत्र हरवलेलं नाही हे कशावरून म्हणता?" मी अर्धी ओवी आणि उरलेली अर्धी ओवी म्हणून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं.

अनामत घ्यायला गेले तेव्हा सोबत एक अर्ज नेला : कार्डावरील '१८६९' ऐवजी '१८७०' व 'छापील' ऐवजी 'शिळाछाप' अशी दुरुस्ती व्हावी, पुरावे जोडले आहेत. त्याच बाई होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, जोडलेली छायाचित्रं बघितली, १२-१३ची कड भिंग मागून घेऊन बघितली. मग म्हणाल्या की कार्डात बदल करायचा तर विषय समितीपुढे ठेवावा लागेल, आणि समितीची बैठक कधी होईल ते सांगता येत नाही. दोन हजार रुपये मिळाले. अर्जाची पोच मिळाली, आवक क्रमांकासकट. कार्ड अजून १८६९च म्हणतं आहे. डिसेंबरात पुन्हा चौकशीला जाणार आहे. एक रजा शिल्लक ठेवली आहे.